पंचायतीच्या भिंतीवरील बिनतारी पेटी

ग्रामपंचायतीचे कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तहसील कचेरी येथे भिंतीवर, बहुधा छताच्या जवळ, एक लहानशी पांढरी पेटी अलीकडे सर्वत्र दृष्टीस पडू लागली आहे. तिच्यावर एक-दोन दिवे मिणमिणत असतात आणि तिच्यातून निघणारी एकच तार भिंतीच्या कडेने कोठेतरी निघून जाते. कोणी तिला 'वायफाय' म्हणतात, कोणी 'राउटर', तर कोणी नुसतेच 'नेटची डबी'. तिचे खरे नाव ॲक्सेस पॉइंट असे आहे. मराठीत तिला 'प्रवेशबिंदू' म्हणावयास हरकत नाही; परंतु त्या नावाने ती कोणत्याही दुकानात मिळावयाची नाही, म्हणून या लेखात रूढ झालेला शब्दच ठेवला आहे.

या पेटीविषयी चार गोष्टी समजून घेण्याचे कारण शुद्ध व्यावहारिक आहे. जन्माचा दाखला, सात-बाराचा उतारा, निवृत्तिवेतनाची पडताळणी, शाळेची माहिती भरणे ही कामे आता जाळ्यावरून होतात. गावकरी मजुरी बुडवून कार्यालयात येतो आणि 'आज नेट बंद आहे' हे उत्तर घेऊन परत जातो. हे उत्तर खोटे असते असे नाही. पण ते अपुरे असते. अर्जदाराच्या टेबलापासून राजधानीतील संगणकापर्यंत जी साखळी आहे, तिच्यात अनेक कड्या आहेत. त्यांपैकी नेमकी कोणती कडी निसटली हे ज्याला सांगता येते, त्याची तक्रार योग्य माणसाकडे जाते आणि दुरुस्ती लवकर होते. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्या कार्यालयात बऱ्याच वेळा चांगली पेटी काढून तिच्या जागी दुसरी चांगली पेटी बसवली जाते, आणि दोष होता तेथेच राहतो.

स्थानिक जाळे म्हणजे काय

इंटरनेट आणि स्थानिक जाळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. गावातील अंतर्गत रस्ते आणि गावाबाहेरून जाणारा राज्यमार्ग यांच्यात जो फरक आहे, तोच येथे आहे. कार्यालयातील दोन संगणक, एक छपाईयंत्र आणि ग्रामसेवकांचा मोबाइल हे एकमेकांशी जोडलेले असले की स्थानिक जाळे तयार झाले. बाहेरची वाहिनी तुटली तरी या जाळ्यावर छपाई होऊ शकते, एका संगणकातील धारिका दुसऱ्यात पाठवता येते. शाळेने पाठांची चलच्चित्रे आपल्याच एखाद्या संगणकात साठवून ठेवली असतील, तर इंटरनेट नसतानाही सगळ्या वर्गांना ती पाहता येतात. या सोयीचा उपयोग आपल्याकडे फारच थोड्या शाळा करतात, ही खेदाची गोष्ट आहे.

तारेने जोडलेल्या जाळ्यात प्रत्येक संगणकापासून एक तार निघून 'स्विच' नावाच्या पेटीत येते. ही पद्धत इथरनेट या नावाने ओळखली जाते. तिचा उगम १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. आज वापरात असलेली तांब्याची तार एका दमात १०० मीटरपर्यंत नेता येते. त्यापलीकडे मध्ये दुसरा स्विच घालावा लागतो किंवा काचतंतूंची तार वापरावी लागते. ही पद्धत अत्यंत विश्वासार्ह आहे. मात्र मोबाइलला तार लावण्याची सोय नाही, आणि जुन्या दगडी इमारतीत प्रत्येक टेबलापर्यंत तार नेणे खर्चाचे व कटकटीचे होते. येथे ॲक्सेस पॉइंट उपयोगी पडतो. त्याच्या एका बाजूला इथरनेटची तार असते आणि दुसऱ्या बाजूला रेडिओचा प्रक्षेपक व ग्राहक. हवेतून आलेला मजकूर तो तारेच्या भाषेत आणि तारेवरून आलेला मजकूर हवेच्या भाषेत बदलतो. पाकिटावरचा पत्ता पाहून ते पुढे टाकणाऱ्या टपाल खात्याच्या शाखेप्रमाणे त्याचे काम आहे. आतील पत्र वाचणे त्याच्या कामात येत नाही.

घरात जी पेटी असते तिच्यात ॲक्सेस पॉइंट, स्विच आणि राउटर या तिन्ही वस्तू एकाच कवचात भरलेल्या असतात, त्यामुळे नावांचा गोंधळ होतो. राउटर हा गावाच्या वेशीवरचा पहारेकरी आहे. आतील जाळे व बाहेरील जाळे यांच्यामधील वाहतूक तो सांभाळतो. ज्या पंचायतीत भारतनेटची काचतंतूंची तार पोचली आहे, तेथे प्रकाशाच्या स्पंदांचे विद्युत संदेशात रूपांतर करणारी आणखी एक पेटी असते, तिला 'ओएनटी' म्हणतात. म्हणजे काचतंतू, ओएनटी, राउटर किंवा स्विच, ॲक्सेस पॉइंट आणि शेवटी आपला मोबाइल, असा हा क्रम आहे.

हवाई बेटांपासून आपल्यापर्यंत

तारेवाचून संदेश पाठवण्याच्या इतिहासात भारताचे स्थान सन्मानाचे आहे. वायफाय आज ज्या लहरी वापरते त्यांहूनही आखूड लहरी निर्माण करून आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात, मध्ये भिंती असतानाही, दूर अंतरावरील घंटा वाजवून दाखवली होती. संगणकांना मात्र बिनतारी जोडण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९७१ साली हवाई विद्यापीठात झाला. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे प्रश्न असा होता की, विद्यापीठाचा मुख्य संगणक एका बेटावर आणि वापरणारे विद्यार्थी व अध्यापक इतर बेटांवर. त्यांनी सर्वांना एकच रेडिओ वाहिनी दिली आणि ज्याला जेव्हा पाठवावयाचे असेल तेव्हा त्याने पाठवावे असे ठरवले. दोघांचे संदेश एकदम निघाले तर दोन्ही बिघडत. मग प्रत्येकाने निरनिराळा वेळ थांबून पुन्हा पाठवावयाचे. 'अलोहा' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या योजनेतील ही साधी कल्पना सुधारलेल्या स्वरूपात आपल्या भिंतीवरील पेटीत आजही काम करते.

१९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही लहरी अनुज्ञप्तीशिवाय वापरण्यास मोकळ्या केल्या आणि त्यानंतर या क्षेत्राला वेग आला. ८०२.११ या क्रमांकाने ओळखले जाणारे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याची गती सेकंदाला अवघी २ मेगाबिट होती. १९९९ मध्ये ती ११ वर आणि पुढे ५४ वर गेली. मानकाच्या पुढील आवृत्त्यांनी हा आकडा शेकड्यांत आणि हजारांत नेला. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांन्वये अनुज्ञप्तीमुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बराचसा भाग उघड्या जागेत वापरण्यास २०१८ साली मोकळा करण्यात आला. म्हणूनच ॲक्सेस पॉइंट बसवण्यासाठी आज कोणत्याही कार्यालयाला रेडिओचा परवाना घ्यावा लागत नाही. नियमांत घालून दिलेली शक्तीची मर्यादा तेवढी पाळावी लागते.

जोडणी होते ती अशी

ॲक्सेस पॉइंट आपल्या अस्तित्वाची दवंडी सतत पिटत असतो. साधारणतः सेकंदाला दहा वेळा तो एक छोटा संदेश हवेत सोडतो: माझे नाव अमुक, मी या वाहिनीवर आहे, माझी गती इतकी, माझे कुलूप या प्रकारचे. हे नाव ३२ अक्षरचिन्हांपर्यंत असू शकते आणि मोबाइलच्या पडद्यावर आपल्याला जी यादी दिसते ती याच नावांची असते. मोबाइलदेखील स्वस्थ बसत नाही. एकेका वाहिनीवर जाऊन तो 'येथे कोणी आहे काय?' असे विचारतो आणि आलेल्या उत्तरांची नोंद घेतो.

नावावर बोट ठेवल्यावर तीन-चार गोष्टी क्षणार्धात घडतात. प्रथम मोबाइल आपली ओळख देतो. प्रत्येक उपकरणाला ४८ अंकांचा, म्हणजे शून्य व एक यांच्या ४८ स्थानांचा, एक क्रमांक असतो. अलीकडचे मोबाइल खाजगीपणासाठी निरनिराळ्या जाळ्यांना निरनिराळा क्रमांक सांगतात, त्यामुळे केवळ त्या क्रमांकावरून माणूस ओळखता येईल असे समजू नये. ॲक्सेस पॉइंट हा क्रमांक आपल्या हजेरीपटावर चढवतो. हजेरीपटावर नाव लागले की उपकरण त्या पेटीचे झाले. यापुढे हवेतून त्याच्याशी बोलणे आणि त्याच्या वतीने तारेवर बोलणे ही पेटीची जबाबदारी.

नंतर कुलपाचा प्रश्न येतो. पासवर्ड दोघांनाही ठाऊक असतो. पण तो हवेतून पाठवला जात नाही, कारण हवेतील बोलणे कोणीही ऐकू शकतो. दोन्ही बाजू एकमेकांना एकेक नवा यादृच्छिक अंक पाठवतात, त्या अंकांचा पासवर्डपासून बनवलेल्या मूळ किल्लीशी संयोग करून दोघेही आपापल्या जागी एकच नवी किल्ली तयार करतात, आणि ती जुळते की नाही याची खात्री चार संदेशांच्या देवघेवीत करून घेतात. या किल्लीने पुढील सर्व मजकूर कुलूपबंद होतो. पासवर्ड चुकला तर किल्ल्या जुळत नाहीत आणि जोडणी येथेच थांबते.

सर्वांत शेवटी उपकरणाला जाळ्यातील पत्ता मिळावा लागतो. हा पत्ता सामान्यतः राउटर देतो, ॲक्सेस पॉइंट नव्हे. लहान जाळ्यात असे सुमारे अडीचशे पत्ते असतात आणि प्रत्येक पत्ता ठराविक मुदतीसाठी, कित्येकदा पूर्ण २४ तासांसाठी, दिलेला असतो. आठवडी बाजाराच्या दिवशी कार्यालयाचे जाळे खुले असेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाइलनी एकेक पत्ता घेऊन ठेवला असेल, तर दुपारी आलेल्या तलाठ्याच्या संगणकाला पत्ताच उरत नाही. जोडणी झाल्यासारखी दिसते, पण काहीच चालत नाही. पेटी बदलून हा दोष जात नाही. पत्त्याची मुदत एक-दोन तासांवर आणली किंवा पाहुण्यांचे जाळे निराळे केले की जातो.

एका वेळी एकच वक्ता

बिनतारी जाळ्याची गती का मंदावते, हे समजण्यासाठी ग्रामसभेचे उदाहरण घेता येईल. सभेत एकदम चौघे बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. एका वाहिनीवर एका ॲक्सेस पॉइंटभोवती जमलेल्या उपकरणांची स्थिती अशीच असते. तारेच्या जाळ्यात प्रत्येकाला स्वतंत्र रस्ता असतो. हवा मात्र सर्वांची मिळून एक आहे. शिवाय रेडिओ यंत्राला स्वतः बोलत असताना त्याच वाहिनीवर दुसऱ्याचे ऐकता येत नाही, कारण स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचा आवाज कोट्यवधी पटींनी क्षीण असतो. म्हणून नियम असा ठेवला आहे: बोलण्यापूर्वी ऐका, कोणी बोलत असेल तर थांबा, तो थांबल्यावर लगेच तोंड उघडू नका, तर मनाशी एक अंक धरून तेवढा वेळ मोजा आणि मग बोला. ज्याचा अंक लहान त्याची पाळी आधी. पोचलेल्या प्रत्येक संदेशाची पोचपावती दिली जाते, आणि ती आली नाही तर संदेश हरवला असे समजून पुन्हा पाठवला जातो.

या नियमाला दोन ठिकाणी अडचण येते. शाळेच्या एका टोकाच्या वर्गातील संगणक आणि दुसऱ्या टोकाच्या वर्गातील संगणक, दोघांनाही मधला ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो, पण एकमेकांचे ऐकू येत नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही बोलतात आणि मध्ये टक्कर होते. यावर 'बोलू का?' अशी आधी परवानगी मागण्याची तरतूद मानकात आहे. तीत काही वेळ खर्ची पडतो, तरी टक्कर टळते.

दुसरी अडचण अधिक नित्याची व अधिक दुर्लक्षित आहे. ज्याचा आवाज नीट पोचत नाही त्याच्याशी ॲक्सेस पॉइंट सावकाश बोलतो. १,५०० बाइटचा एक संदेश सेकंदाला ५४ मेगाबिट या गतीने पाठवण्यास सेकंदाच्या एक हजारांशाचा पाव भागही लागत नाही. तोच संदेश सेकंदाला १ मेगाबिट या गतीने पाठवावा लागला तर बारा हजारांश सेकंद लागतात. म्हणजे आवाराच्या कुंपणापाशी बसून चित्रपट उतरवून घेणारा एक जण जवळ बसलेल्या पन्नासांचा वेळ खाऊन टाकतो. चाळीस विद्यार्थी एकाच पेटीवर बसवले असता जाळे का गुदमरते, याचे उत्तर बहुधा विद्यार्थ्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या अंतरातही असते. अत्यंत मंद गतीच्या जोडण्या नाकारण्याची व्यवस्था चांगल्या पेट्यांमध्ये असते. ती चालू केल्यास दूरचे काही जण तुटतात हे खरे. परंतु कार्यालयाचे काम चालावयाचे असेल तर ही कठोरता पत्करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खोक्यावर छापलेल्या ३०० किंवा १,२०० मेगाबिट या आकड्यांनीही भुलून जाऊ नये. तो हवेतील कच्चा वेग होय. पाळ्या, पोचपावत्या आणि पुनःप्रेषण वजा जाता त्याच्या निम्मा हाती लागला तरी पुष्कळ. शिवाय बाहेरून येणारी वाहिनी सेकंदाला १० मेगाबिटची असेल, तर आतील पेटी कितीही महागाची असली तरी इंटरनेट १० च्या वर जाणार नाही. ओढ्यालाच पाणी नसताना रुंद पाट खणून काय उपयोग?

पेटी कोठे असावी

रेडिओ लहरींचे बळ अंतराबरोबर झपाट्याने घटते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती चौथाई होते. भिंती आल्या की याहून वाईट. विटांची सडपातळ भिंत फारशी आड येत नाही. काळ्या दगडाची दोन-दोन फुटी भिंत, सळयांचा काँक्रीटचा स्लॅब आणि पत्रा हे मात्र मोठे शत्रू आहेत. पाणीही या लहरी शोषून घेते. पाण्याने भरलेली टाकी, किंबहुना माणसांनी गच्च भरलेला सभागृहसुद्धा संदेश क्षीण करतो. असे असता चोरीच्या भीतीने पेटी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावणे म्हणजे रेडिओला गोणपाटात बांधून गाणे ऐकण्यासारखे आहे. ही पद्धत काल्पनिक नाही, ती पाहावयास मिळते. पेटी खोलीच्या मध्याजवळ, डोक्याच्या वर, मोकळी असावी. तिला उभ्या दांड्या असतील तर त्या उभ्याच ठेवाव्यात, कारण त्यांचा प्रसार आडव्या पातळीत अधिक होतो.

शक्ती वाढवून अंतर जिंकता येईल अशी एक समजूत आहे. देवळाच्या शिखरावर मोठा कर्णा लावला तर वाडीपर्यंत ऐकू जाते हे खरे. पण वाडीतून एखाद्याने हाक मारली तर ती देवळात पोचत नाही. मोबाइलचा प्रक्षेपक लहान आणि त्याची बॅटरी मर्यादित. त्याचे उत्तर पेटीपर्यंत पोचत नसेल तर पेटीचा आवाज चढवून काय होणार? लांबच्या इमारतीसाठी एका मोठ्या पेटीऐवजी दोन लहान पेट्या, दोन्हींना स्वतंत्र तार आणि दोन्हींना एकच नाव व पासवर्ड, ही रचना केव्हाही श्रेयस्कर. माणूस चालत गेला की मोबाइल स्वतःच एका पेटीचा हात सोडून दुसरीचा धरतो. हा निर्णय पेटीचा नसून मोबाइलचा असतो, आणि काही मोबाइल जुन्या पेटीला उगाच चिकटून राहतात. अशा वेळी वायफाय बंद करून पुन्हा चालू केले की काम होते. तार न नेता हवेतूनच संदेश पुढे ढकलणारे 'रिपीटर' मिळतात. ते स्वस्त पडतात. परंतु साध्या रिपीटरला प्रत्येक संदेश त्याच वाहिनीवर एकदा ऐकावा व एकदा बोलावा लागत असल्याने गती निम्म्यावर येते.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ अशा वाहिन्या आहेत. मात्र त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की, एकमेकींना त्रास न देणाऱ्या १, ६ आणि ११ या तीनच उरतात. शेजारच्या दोन पेट्या एकाच वाहिनीवर असतील तर त्या निदान एकमेकींचे ऐकून पाळी पाळतात. एक ६ वर आणि दुसरी ८ वर असेल तर एकीला दुसरीचे बोलणे नुसता गोंगाट वाटतो. मायक्रोवेव्ह शेगडीही याच पट्ट्यात चालते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या भरपूर आणि गर्दी कमी, पण भिंतीपुढे तो पट्टा लवकर हार मानतो. एका खोलीतील कामास ५ आणि भिंतीपलीकडे २.४ असा ढोबळ हिशेब ठेवता येतो.

विजेची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. ॲक्सेस पॉइंटला इथरनेटच्या त्याच तारेतून वीज पुरवण्याची सोय असते, त्यासाठीचे मानक २००३ सालचे आहे. त्यामुळे छताजवळ वेगळा बोर्ड लागत नाही. वीज गेल्यावर काम चालू राहावे म्हणून संगणकाला बॅटरीची जोड दिलेली असते, पण ओएनटी आणि स्विच यांना मात्र विसरले जाते. अशा कार्यालयात संगणक चालू, पेटीचे दिवे चालू आणि जाळे बंद, असे विचित्र दृश्य दिसते. या लहान पेट्यांना मिळून एका दिव्याहून फार जास्त वीज लागत नाही. त्यांना बॅटरीवर घेणे सहज शक्य आहे.

लहरींनी शरीराला अपाय होतो काय, असा प्रश्न ग्रामसभेत विचारला जातो. तो टाळू नये. या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंची मोडतोड करणाऱ्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना 'संभाव्य' या वर्गात घातले. त्याचा आधार मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाइलच्या अभ्यासाचा होता आणि तोही मर्यादित पुरावा मानला गेला. भिंतीवरील पेटीची शक्ती सामान्यतः एका वॉटच्या दशांशाच्या आसपास असते आणि ती दोन-तीन मीटर अंतरावर असते.

दोष कोठे आहे हे कसे ओळखावे

मोबाइलच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या वायफायच्या रेघा केवळ मोबाइल आणि पेटी यांच्यामधील संदेशाचे बळ सांगतात. पेटीच्या पलीकडे काय चालले आहे याची त्यांना वार्ताही नसते. म्हणून रेघा पूर्ण आणि नेट नाही, यात विरोधाभास काहीच नाही. अशा वेळी कार्यालयातल्या छपाईयंत्रावर एक कागद छापून पाहावा. छापला गेला तर स्थानिक जाळे ठीक आहे, दोष बाहेरच्या वाहिनीत आहे. मग ओएनटीवरील दिवे पाहावेत. तांबडा दिवा लागला असेल तर काचतंतू तुटला असण्याचा संभव असतो, आणि तक्रार वाहिनी पुरवणाऱ्याकडे जावयास हवी. कागद छापला गेला नाही, पण तारेने जोडलेला संगणक नीट चालतो, तर संशयाची सुई ॲक्सेस पॉइंटकडे वळते. नाव दिसतच नसेल तर वीज. नाव दिसते पण पासवर्ड घेत नसेल तर किल्ली. जोडले जाते पण पत्ता मिळत नसेल तर राउटर. आणि एकच संकेतस्थळ उघडत नसेल, बाकीची उघडत असतील, तर आपल्या गावात काहीच बिघडलेले नाही. ही पाहणी शिपायालाही दहा मिनिटांत करता येईल. तक्रार नोंदवताना 'नेट बंद' ऐवजी 'ओएनटीचा दिवा तांबडा, सकाळी १० पासून' असे लिहिले, तर तंत्रज्ञाची एक खेप वाचते.

कुलूप आणि किल्ली

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी जो धमकीचा ई-मेल पाठवण्यात आला, तो नवी मुंबईतील एका घरातल्या उघड्या बिनतारी जाळ्यावरून गेला असल्याचे तपासात आढळले. घरमालकाचा त्या कृत्याशी संबंध नव्हता. परंतु पोलीस प्रथम पोचले ते त्याच्याच दारात. यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने बिनतारी जाळी सुरक्षित ठेवण्याविषयी व वापरकर्त्यांची ओळख पटवण्याविषयी सेवा पुरवठादारांना निर्देश दिले. पंचायतीचे जाळे कुलपाविना ठेवणे ही उदारता नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

कुलपांतही प्रती आहेत. 'वेप' नावाचे पहिले कुलूप २००१ सालीच तुटले. ते आज असून नसल्यासारखे आहे. २००४ पासूनचे 'डब्ल्यूपीए-२' आणि २०१८ पासूनचे 'डब्ल्यूपीए-३' यांपैकी एक निवडावे. पासवर्ड लांब असावा आणि कर्मचारी बदलून गेला की तोही बदलावा. याहून महत्त्वाचा, पण सहसा विसरला जाणारा पासवर्ड दुसराच आहे. पेटीच्या स्वतःच्या व्यवस्थेचा, कारखान्यातून 'ॲडमिन' म्हणून आलेला हा पासवर्ड न बदलता पेटी लावणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली खिळ्याला टांगणे होय. दप्तराचे संगणक एका नावाच्या जाळ्यावर आणि नागरिक दुसऱ्या नावाच्या जाळ्यावर, ही व्यवस्था एकाच पेटीतून करता येते. अभ्यागताचा मोबाइल मग कार्यालयाच्या संगणकांपर्यंत पोचूच शकत नाही.

पंचायतीपासून वाडीपर्यंत

ग्रामपंचायतींना काचतंतूंनी जोडण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. एका सरळ तारेवर पुष्कळ गावे टांगलेली असली की एका जेसीबीच्या फटक्याने पुढची सगळी गावे अंधारात जातात. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणीवर भर आहे. एका बाजूने तार तुटली तर संदेश दुसऱ्या बाजूने फिरून येतो.

परंतु पंचायत म्हणजे गाव नव्हे. वाड्या दोन-तीन किलोमीटर दूर असतात आणि ॲक्सेस पॉइंटचा आवाका काही दशक मीटरांचा. हे मधले अंतर कसे तोडावे, याचा अभ्यास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने 'ग्राममार्ग' या प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील खामलोली व आसपासच्या गावांत केला. दूरदर्शनसाठी राखलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या लांब लहरी झाडांतून व चढउतारांतून चांगल्या जातात. त्यांवरून संदेश गावापर्यंत नेला आणि गावात ॲक्सेस पॉइंटने तो वाटला. या प्रकल्पाला २०१७ साली मोझिला या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

सार्वजनिक वायफाय आपल्या राज्याला नवे नाही. रेल्वे स्थानकांवरील मोफत वायफायचा गुगल व रेलटेल यांचा उपक्रम जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाला होता. २०२० मध्ये गुगलने त्यातून अंग काढून घेतले, तरी रेलटेलने सेवा पुढे चालवली. खेड्यांच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगी आहे ती ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली 'पीएम-वाणी' योजना. किराणा दुकानदार, चहावाला किंवा महिला बचत गट आपल्या जागेत ॲक्सेस पॉइंट लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना अल्प दरात इंटरनेट देऊ शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्कही नाही. ग्राहकाची ओळख पटवणे आणि हिशेब ठेवणे ही कामे त्याने ज्या नोंदणीकृत संस्थेशी करार केला असेल ती संस्था व मोबाइलवरील ॲप यांच्यामार्फत होतात. अशा दुकानदारांना महागड्या व्यापारी वाहिन्या घ्याव्या लागत असल्याची तक्रार होती. त्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये आदेश काढून, २०० मेगाबिटपर्यंतची घरगुती स्वरूपाची काचतंतू वाहिनी त्यांना घरगुती दराच्या दुपटीहून अधिक दराने देऊ नये, असे बंधन घातले.

एसटीच्या थांब्याजवळचे दुकान, दूध संकलन केंद्र किंवा पिठाची गिरणी या जागा त्यासाठी सोयीच्या आहेत, कारण तेथे माणसे तशीही थांबतात. ज्या पंचायतीत भारतनेटची जोडणी चालू आहे, तिने वाहिनीचा दर आणि जवळच्या नोंदणीकृत संस्थेचे नाव यांची चौकशी करून तो विषय ग्रामसभेपुढे ठेवावयास हरकत नाही. मात्र दुकानाच्या पत्र्याखाली पेटी लावण्यापूर्वी ती पत्र्याच्या आत राहील की बाहेर, आणि थांब्यावरच्या बाकापर्यंत तिचा आवाज पोचतो की नाही, हे मोबाइल हातात घेऊन एकदा चालून पाहिले पाहिजे.